तापाचं गिऱ्हाईक आलं की आधी काय विचारायचं

अगं, मेडिकलच्या काउंटरवर नवीन आहेस म्हणून सांगते. पावसाळ्यात जो तो "व्हायरल आहे, काहीतरी द्या" म्हणतच येणार. आधी विचार, ताप चढला कसा? साधी सर्दी सावकाश येते: घसा खवखवतो, मग शिंका, नाक गळणं, माणूस कुरकुरत का होईना कामावर जातो. फ्लू अचानक गाठतो. सकाळी ठणठणीत असलेला संध्याकाळी हुडहुडी भरून आडवा, अंग ठेचल्यासारखं, बहुधा कोरडा खोकला. कोविडही तसाच दिसतो. चाचणीशिवाय फरक कळत नाही, तेव्हा उगाच छातीठोक सांगू नकोस.

त्यात पुण्यात याच दिवसांत डेंगी. सर्दी-खोकला नाही, पण डोळ्यांमागे दुखतंय, पुरळ आहे? मग आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नाही. पॅरासिटामॉल, आणि थेट डॉक्टरांकडे.

अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाही, पेठेतले काका कितीही तापले तरी. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर, ते पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. म्हणून गरोदर बाई, दमेकरी, म्हातारी माणसं यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाड. 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला होता. धाप लागली असेल, तर बिल करत बसू नकोस, रिक्षा बोलाव.