‘अबाउट अस’मध्ये पत्ता टाकून भागत नाही: प्रायव्हेट लिमिटेडच्या वेबसाइटवर कायद्याने काय हवं

प्रश्न थोडक्यात असा: प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, नोंदणीकृत कार्यालय म्हणजे संचालकाचं घर, वेबसाइट फक्त माहितीपुरती. डिझायनरचं म्हणणं, पत्ता आणि सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) ‘अबाउट अस’मध्ये ढकलू, होम पेज मोकळं दिसेल. चालेल का?

नाही चालणार. कंपनीज (इन्कॉर्पोरेशन) रूल्स, २०१४ मधला नियम २६ थेट होम पेजच सांगतो. वेबसाइटवरून विक्री होते की नाही याने फरक पडत नाही. होम पेजवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन, टेलिफोन नंबर, असल्यास फॅक्स, ईमेल आणि चौकशी-तक्रारीसाठी कोणाला गाठायचं त्या व्यक्तीचं नाव, एवढं हवंच. फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीत, दोन ओळींत बसतं, डिझाइन बिघडत नाही. संचालकांची नावं, डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक), भागभांडवल हा नियम मागत नाही. जीएसटी नंबरही नाही. तो व्यवसायाच्या जागेवरच्या पाटीवर लागतो.

सगळ्यात जास्त वेळा राहतं ते शेवटचं, व्यक्तीचं नाव. ‘कस्टमर केअर टीम’ म्हणजे व्यक्ती नव्हे. परदेशी वेबसाइटचा फूटर उचलला की हे हमखास गळतं. ब्रिटनमध्ये वेबसाइटवर नाव, नोंदणी क्रमांक, नोंदणीचा प्रदेश आणि नोंदणीकृत पत्ता लागतो. संपर्कासाठी माणसाचं नाव त्या यादीत नाही. आपल्याकडे आहे. आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की नाव बदलायचं कोणालाच आठवत नाही, म्हणून राजीनाम्याच्या चेकलिस्टमध्येच ही ओळ घाला.

नाव म्हणजे ब्रँड नव्हे, इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेटवर आहे ते, ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट. पत्त्यातही गफलत होते: विक्री ऑफिस बाणेरला, नोंदणीकृत कार्यालय साताऱ्याला, आणि फूटरमध्ये फक्त बाणेर. दोन्ही द्या, पण कुठला नोंदणीकृत ते स्पष्ट लिहा. घरचा पत्ता उघडा पडेल ही काळजी समजते, पण तो एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर आधीच सगळ्यांना दिसतो.

सीआयएन २१ अक्षरांचा असतो. आधी एल किंवा यू (लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, की अनलिस्टेड), मग उद्योगाचे पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं (महाराष्ट्र एमएच, गोवा जीए), स्थापनेचं वर्ष, प्रकाराची तीन अक्षरं (प्रायव्हेटला पीटीसी, पब्लिकला पीएलसी, एकाच सदस्याच्या कंपनीला ओपीसी वगैरे) आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. म्हणजे हा नंबर कायमचा नाही. ओपीसीची प्रायव्हेट लिमिटेड झाली, पणजीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईला आलं, किंवा कंपनी लिस्ट झाली की तो बदलतो आणि फूटरमध्ये जुनाच राहतो. टाइप करू नका, एमसीएच्या पोर्टलवरच्या कंपनीच्या नोंदीतून (मास्टर डेटा) कॉपी करा. शून्य आणि ओ यांची अदलाबदल नुसत्या नजरेला दिसत नाही.

आता वेबसाइटच्या पलीकडचं, कारण नोटीस आली तर तुमचं उत्तर लेटरहेडवरच जातं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२(३) प्रमाणे लेटरहेड, बिलं, नोटिसा, सगळ्यांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन, ईमेल आणि वेबसाइट असेल तर तिचा पत्ता लागतो. गेल्या दोन वर्षांत नाव बदललं असेल तर जुनं नावही. दारावरच्या पाटीवर नाव आणि नोंदणीकृत पत्ता हवा, आणि हे दोन्ही त्या भागातल्या लिपीतही. म्हणजे आपल्याकडे नुसती इंग्रजी पाटी पुरत नाही.

कलम १२ मोडल्यास दंड दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाख. तोही कंपनीला वेगळा आणि प्रत्येक कसूरदार अधिकाऱ्याला वेगळा. कंपनी अधिक दोन संचालक धरा, आकडा ३ लाखांपर्यंत जातो. स्मॉल कंपनी, ओपीसी किंवा स्टार्टअप असेल तर कलम ४४६बी मुळे निम्म्याहून जास्त लावता येत नाही.

उद्या त्याच साइटवर माल विकायला लागलात, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे वेगळं प्रकरण सुरू होतं: मुख्यालयाचा आणि सर्व शाखांचा पत्ता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. नियम २६ मधली व्यक्ती आणि हा अधिकारी एकच ठेवला तर फूटर आटोपशीर राहतो.

डिझायनरला एकच तपासायला सांगा: होम पेजचं टेम्प्लेट वेगळं आहे का? बऱ्याच थीममध्ये आतल्या पानांना पूर्ण फूटर असतो आणि होम पेजला फक्त कॉपीराइटची पट्टी. मोबाइलवरही उघडून बघा. तिथे जागा वाचवायला हाच भाग लपवलेला सापडतो.