फुफीच्या वाट्याचं काय?

अस्सलामु अलैकुम, बेटा.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. रमजानमध्ये पुण्यात कोंढव्यात तू घरोघर रेशनचे किट वाटत होतीस, आणि त्याच महिन्यात अब्बांनी फुफीला, म्हणजे तुझ्या आत्याला, गावाहून बोलावून जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली. आता विचारतेस, अब्बांशी बोलू, की आधी मोहल्ल्यात जागृती करू? जागृती कसली करतेस! आधी अब्बांशी बोल.

कुराणातल्या सूरह निसाची १३५वी आयत पुन्हा वाच. न्यायावर ठाम उभे राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईबापाविरुद्ध, नातलगांविरुद्ध का जाईना. सुरुवातच घरापासून आहे. त्याच सूरहची ७वी आयत आईबापांच्या मालमत्तेत बाईचा वाटा सांगते, थोडा असो की जास्त. भावाच्या निम्माच का, यावर तुम्ही मुली वाद घालता, जरूर घाला. पण इथं तो निम्माही कुणी देत नाही.

म्हणे, तिनं राजीखुशीनं सोडला. दोन भाऊ समोर, वकील बाजूला, ‘माहेर तुटेल’ ही भीती पोटात. ही राजीखुशी? आधी वाटा तिच्या नावावर करा, सातबारा तिच्या हातात द्या, मग बघू किती बहिणी परत करतात ते. आणि हेच लोक अडीच टक्के जकातीचा, गरिबांसाठीच्या दानाचा, हिशेब पै-पैचा मांडतात. बहिणीचा हिस्सा दाबून जकात!

१९७० साली याच पुण्यात समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुस्लिम बायकांच्या हक्कांसाठी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांनी कुराणाचा आधार घेतला नाही. मी घेतो, म्हणून गप्प बसायची सोय मला तर मुळीच नाही.

आमच्या बहिणीसाठी मी बोललो तेव्हा थोरल्या भावानं बोलणं टाकलं, ते तो जाईपर्यंत. जनाज्याला खांदा दिला, पण दोन शब्द राहिले ते राहिलेच. त्याचं दुःख मला आहे. बोललो त्याचं नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणतात अजून. अरे, घरात कुणी ऐकलं असतं तर कशाला आणली असती? बहिणीला तिची जमीन मिळाली, आज तिची पोरं ती कसतात.

तू मात्र अब्बांवर ओरडू नकोस. जेवणं झाल्यावर बस, आयत त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांग. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलायची नोंद, अजून मंजूर झाला नसेल तर फुफीला हरकत घेता येते, हेही त्यांच्या कानावर घाल. आणि त्याआधी फुफीला फोन कर. तिला काय हवंय, हे अजून कुणी विचारलेलंच नाही.