झील धरता येते का?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षं गिटार वाजवतोय, यूट्यूबवरून ब्लूजचे सात-आठ सोलो जसेच्या तसे बसवलेत. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या तुमच्या जॅमला आलो होतो. वहीत नाव लिहिलं, एक गाणं वाजवलं, आणि नंतर रात्री दहापर्यंत कुणी बोलावलंच नाही. माझं काय चुकलं?
— एक गिटारवाला, राजारामपुरी

उत्तर : भावा, तू मला आठवतोस. निळी गिटार, आणि अँप्लिफायरच्या बटणाला तीनदा हात. आधी माझी चूक सांगतो. त्या दिवशी वहीत सतरा नावं होती, वर चहाचा पेला सांडला आणि खालची चार नावं पुसली गेली. तुझं त्यातच होतं. एवढं सोडून बाकीचं तुझ्याकडं.

तू एकदाही थांबला नाहीस. गाणारा गात होता तेव्हा वाजवत होतास, माउथऑर्गनवाला वाजवत होता तेव्हाही, आणि पाचव्या बारला (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) सगळे डी च्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांवर, गेले तेव्हा तू ए मध्येच बोटं पळवत होतास. सोलो पाठ होता, गाणं ऐकलं नव्हतंस.

ज्यांनी आमची शेड बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी पॅटर्नमेकर. फौंड्रीसाठी लाकडी साचे करण्यात आयुष्य गेलं, आणि त्याच्या जोडीला पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सातला शेडमधले साचे भिंतीला सरकवतो आणि जॅम होतो, म्हणजे जमेल त्यानं एकत्र ब्लूज वाजवायचं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. ड्रम, बेस आणि एक गिटार कायमचे. बाकी ज्यानं वहीत नाव लिहिलं तो वर येतो, दोन गाणी वाजवतो, खाली उतरतो. तालीम नसते. अनोळखी माणसं एकत्र वाजवू शकतात, कारण साचा सगळ्यांना ठाऊक असतो.

तो साचा बारा बारचा. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. गाणं ए मध्ये, म्हणजे ए ला सा धरून, असेल तर पहिले चार बार ए, मग दोन डी, दोन ए, मग एक ई, एक डी, आणि शेवटच्या दोन बारमध्ये ए वर येऊन ई ला टेकवायचं, की परत समेवर. कधी दुसऱ्याच बारला डी येतो, त्याला क्विक चेंज म्हणतात. म्हणूनच सुरू करण्याआधी म्होरक्या काय सांगतो ते ऐकायचं. मोजायचं असं : एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार. पहिला आकडा बारचा. हरवलास तर हात थांबव, मोजत राहा, आणि पुढच्या आवर्तनाला आत शीर. लाज कसली त्यात!

आता खरी गोष्ट. ब्लूजमध्ये गाणारा चार बारपैकी साधारण दोन बार गातो आणि दोन बार मोकळे सोडतो. ते मोकळे बार म्हणजे तुझी जागा. पोवाडा ऐकलायस ना? शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणून ती उचलतात. शाहिराच्या ओळीच्या मध्येच झील घातली तर लोक काय म्हणतील? शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात हे समजावून सांगायला लागू नये, पण लागतं खरं. जॅममध्ये तुला वीस मिनिटं मिळाली तर त्यातली अठरा झील धरण्याची असतात आणि दोन तुझी.

फौंड्रीत कास्टिंगला पोकळी पाहिजे असेल तर साच्यात वाळूचा कोअर ठेवतात. तिथं लोखंड जात नाही. कोअर विसरला तर पंपाची बॉडी होत नाही, वजनाचं माप होतं. तुझं वाजवणं परवा तसं झालं होतं, भरीव.

मीही हेच भोगलंय. पंधराएक वर्षांपूर्वी पुण्यात पहिल्यांदा एका जॅमला गेलो. गाणं रंगात आलं आणि म्होरक्यानं माझ्याकडं बघून मूठ वर केली. मला वाटलं, शाब्बास म्हणतोय. मी दुप्पट जोरात वाजवायला लागलो. मूठ म्हणजे ‘इथं संपवा’. बाकी सगळे थांबले आणि मी एकटा तीन बार वाजवत राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या कशाच्या होत्या ते मला कळलं.

तेव्हा पुढच्या जॅमला ये. गिटार खालीच सुरात लावून ये, अँपला हात लावू नकोस, आणि पहिलं अख्खं गाणं फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला कॉर्डचा छोटा ठोका दे. दुसऱ्या गाण्याला दोन आवर्तनं सोलो तुझा. नाव मी बॉलपेननं लिहीन.

प्रश्न : आमचं महिलांचं भजनी मंडळ आहे, मी पेटी वाजवते. वय अठ्ठावन्न. नोटेशन येत नाही, कानानं वाजवते, आणि काळी चारमध्ये, म्हणजे चौथी काळी पट्टी सा धरून, गाते. मुलगा म्हणतो, ‘आई, तिथं इंग्रजी गाणी असतात, तुझं काय काम?’ पण दारावरून जाताना ऐकलं तेव्हा बोटं आपोआप हलली. पेटी घेऊन आले तर चालेल का?
— मंगळवार पेठ

उत्तर : ताई, मुलाला सांगा की शेडमध्ये सगळ्यात चांगली झील धरणारं माणूस बहुतेक तुम्हीच असाल. भजनात बुवाच्या मागं कितीदा, कधी आणि किती हळू वाजवायचं हे ज्याला कळतं, त्याला जॅममध्ये शिकवायला फार काही उरत नाही.

एक अडचण आधी सांगतो. गिटारवाल्यांना मोकळ्या तारांमुळं पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी पाच सोयीची पडते. ते ई, ए, जी म्हणतील, तुम्ही मनात पांढरी म्हणा. काळी चार त्यांना अवघड जाते. तुम्हाला गायचं असेल तर पांढरी पाच मागा, अर्ध्या सुराचाच फरक.

समजा गाणं पांढरी सहामध्ये आहे. तिथं सा धरून धानी राग वाजवून बघा : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. पांढरी सहा, एक, दोन, तीन, पाच. एकही काळी पट्टी लागत नाही. ब्लूजवाले ज्याला मायनर पेंटाटॉनिक म्हणतात ते हेच पाच सूर. गंमत अशी की मागं वाजणाऱ्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो आणि गाणारा कोमल लावतो. तुम्ही जोग राग ऐकला असेल, त्यात दोन्ही गंधार आहेत. तसलंच काहीतरी, फक्त इथं दोन्ही एकाच वेळी कानावर येतात. गिटारवाला तार ओढून दोन्हींच्या मधला सूर काढतो. पेटीत ते होत नाही. मग पांढरी एक दाबून लगेच काळी एकवर घसरायचं. पियानोवालेही असंच करतात.

आता साथीची युक्ती, ही घरी आजच करून बघा. पांढरी सहाच्या ब्लूजसाठी दोन बोटं ठेवा, काळी एक आणि तिच्या वरची पांढरी पाच. हा झाला ए. दोन्ही बोटं एकेक पट्टी खाली आणा, पांढरी एक आणि काळी तीन : हा डी. मूळ जागेवरून एकेक पट्टी वर न्या, पांढरी दोन आणि काळी चार : हा ई. खालचे सूर बेसवर मी धरतोच. दोन बोटं, मागं-पुढं एक पट्टी, आणि अख्खे बारा बार निघतात. मला हे चाळिशीनंतर कळलं, याचा राग अजून येतो.

पेटी जुनी असेल तर तिची पट्टी आजच्या गिटारच्या ट्यूनरशी जुळेलच असं नाही. काळजी करू नका. पेटीला खुंट्या नसतात, गिटारला असतात. पोरं तुमच्या पेटीला लावून घेतील. अर्धा तास आधी या म्हणजे झालं. खुर्ची ठेवतो. खाली बसून वाजवत असाल तर सतरंजी आहे.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, गाते. मैत्रिणीबरोबर तुमच्याकडं यायचं म्हणते. ब्लूज म्हटलं की सिनेमात बार आणि धूर दाखवतात. पाठवू का?
— एक आई, ताराबाई पार्क

उत्तर : वहिनी, आमच्याकडं प्यायला चहा, धूर शेजारच्या वडेवाल्याच्या कढईचा. दहाच्या आत सगळं बंद होतं, कारण रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायला ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत मनाई आहे आणि आमची शेड तीन बाजूंनी उघडीच आहे. तरीही पहिल्या वेळी तुम्ही स्वतः सोबत या. माझ्या शब्दावर विसंबू नका, बघून ठरवा.

प्रश्न : हे कोल्हापूर अल्लादियाखाँसाहेबांचं, देवल क्लबचं. इथं अमेरिकेतलं रडगाणं आणून आपण काय मिळवतो? आपलं आपल्याला पुरत नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

उत्तर : सर, तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण अर्धं मला पटतं.

न पटलेलं आधी. खाँसाहेब गवई थोर, पण इथले नव्हते. उत्तरेकडून आले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारात ठेवून घेतलं, आणि मग ते आपले झाले. देवल क्लब, आपली गायनाची संस्था, १८८३चा. तिथं जी पेटी वाजते तिच्या पितळी पत्त्यांची कल्पना युरोपातून आलेली. बाहेरचं घ्यायचं आणि इथल्या मातीत कालवायचं, ही या गावाची जुनी खोड आहे.

आता ‘रडगाणं’. १९०३च्या सुमाराची गोष्ट. डब्ल्यू. सी. हँडी नावाचा कृष्णवर्णीय बँडमास्तर मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या छोट्या स्टेशनावर पेंगत बसला होता. गाडी नऊ तास उशिरा. (आपल्याला हे वेगळं सांगायला नको.) शेजारी फाटक्या कपड्यांचा एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात तिकडं चाललोय, ही एकच ओळ तीनदा गात होता. हँडीनं पुढं १९१२मध्ये ब्लूजची रचना छापली आणि हे संगीत कागदावर आलं. पण ते होतं कापसाच्या शेतात राबणाऱ्यांचं, ज्यांचे आई-बाप, आजे-पणजे गुलाम म्हणून विकले गेले होते त्यांचं. त्यातली बरीच गाणी चेष्टेची आहेत, मुकादमाची, घरमालकाची, पळून गेलेल्या बायकोची. रडणारा माणूस इतका ताल धरत नाही.

आणि ती सुरी. आज काचेची किंवा धातूची नळी बोटात घालून तारेवर घसरवतात, म्हणजे आपली मींडच. विश्वमोहन भट्ट गिटारवरून केलेल्या मोहनवीणेवर सळी फिरवतात ती त्याच नात्यातली. त्यांनी आणि अमेरिकेतल्या गिटारवाल्या राय कूडरनं एकत्र बसून ध्वनिमुद्रण केलं, त्याला १९९४मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दोघांना एकमेकांचं व्याकरण शिकवत बसावं लागलं नाही.

आता पटलेलं. आमच्याकडची पोरं नाकातून अमेरिकन उच्चार काढून मिसिसिपीचं दुःख गातात तेव्हा मलाही बेसच्या तारेवरून हात काढावासा वाटतो. जे भोगलं नाही ते उसनं घेऊ नये. म्हणून मी एक सुचवलं : ओळींचा साचा तोच ठेवा, ढंग तोच ठेवा, गोष्ट आपली सांगा. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात आणि तिसरीत टोला देतात. परवा शिरोळकडच्या एका पोरानं गायलं :

ऊस गेला कारखान्याला, बिल काही येईना,
अगं ऊस गेला कारखान्याला, बिल काही येईना,
मुकादम म्हणतो दम धर, पोट काही धरेना.

शेडमध्ये पहिल्यांदाच शेवटच्या रांगेतली माणसं उभी राहिली. सर, तुम्ही मराठी शिकवत होता असं पत्राच्या अक्षरावरून वाटतं. तिसऱ्या ओळीतला ‘दम’ आणि ‘धर’ तुम्ही नक्की तपासून द्याल. दुसऱ्या शनिवारी या. आवडलं नाही तर तेही माईकवरून सांगा, वहीत नाव मात्र लिहावं लागेल.

प्रश्न : मी स्टेशनच्या स्टँडवर रिक्षा लावतो. दहा भोकांचा सी चा माउथऑर्गन घेतला. तुमच्याकडं सी मधलं गाणं चालू होतं म्हणून लगेच आलो, तरी ब्लूजसारखं वाजेना. माउथऑर्गन खराब आहे का?

उत्तर : मामा, माउथऑर्गन ठणठणीत आहे. सी चा घेऊन सी मधल्या गाण्याला फुंकला की सरळ, शाळेच्या प्रार्थनेसारखा वाजतो. ब्लूजवाले तो उलटा वापरतात : सी चा घेऊन जी मधलं गाणं वाजवायचं, आणि फुंकण्यापेक्षा श्वास आत ओढण्यावर जास्त भर द्यायचा. दुसरं भोक ओढलं की तुमचा सा. ओढताना जीभ मागं नेऊन तोंडातली पोकळी बदलली की सूर खाली वाकतो, आणि रडल्यासारखा आवाज येतो तो तिथून. पहिला महिनाभर नुसती हवा येईल, सोडू नका. गिऱ्हाईकाची वाट बघताना करा, सकाळची गाडी तुम्हाला भरपूर वेळ देते.

ए मधल्या गाण्याला डी चा लागतो आणि ई मधल्याला ए चा, पण लगेच विकत घेऊ नका. वहीत नावापुढं ‘जी’ लिहा, तुमच्या वेळी जी मध्ये वाजवू. आणि कुणी ‘जरा दे की’ म्हटलं तर देऊ नका. शेडमध्ये सगळं एकमेकांचं वापरतात, अगदी माझा बेससुद्धा, पण माउथऑर्गन ज्याचा त्यानं.