प्रवासी घटले की विमानतळावरच्या नोकऱ्यांचे काय होते?

आपला पुतण्या मुंबई विमानतळावर ग्राउंड हँडलिंगच्या (सामान चढवणे-उतरवणे अशा विमानाच्या जमिनीवरच्या) कामाला लागत आहे आणि प्रवासी घटल्यास कंपनी त्याला ठेवील का, असे आपण विचारले आहे. मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातला. 2020 साली मुंबई विमानतळावरच एका ठेकेदाराकडे रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेवर, कामाला होतो, म्हणून लिहितो.

त्या वर्षी 25 मार्च ते 24 मे देशांतर्गत प्रवासी विमाने पूर्ण बंद होती. परंतु प्रवासी नसले तरी धावपट्टीची देखभाल आणि अग्निशमन दल चुकत नाही, उभ्या विमानाचीसुद्धा चाके फिरवावी लागतात, इंजिने अधूनमधून चालवावी लागतात. त्यामुळे कात्री लागते ती पगाराला. आमच्याकडे आधी ओव्हरटाइम गेला, मग शिफ्टा, मग बिनपगारी रजा आली, आणि शेवटी माणसे गेली. इंडिगोने जुलैमध्ये 10 टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, त्याची बातमी झाली; ठेकेदारांकडच्या आम्हा लोकांना नुसता फोन आला. पुढचे पाच महिने मी गावी केळीच्या कापणीला गेलो. (तेथे मजुरी मात्र वेळेवर मिळाली.)

मालकांची अडचणही खोटी नसते. पोलीस पडताळणी, विमानतळाचा प्रवेशपास, सुरक्षेचे प्रशिक्षण, रॅम्पवर वाहन चालवण्याचा परवाना यांत बराच काळ आणि पैसा जातो, आणि असा तयार माणूस सोडला तर प्रवासी परतल्यावर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. म्हणून शहाणा मालक माणसे काढण्याऐवजी सर्वांचेच दिवस कमी करतो. मालवाहू विमाने बंद नव्हती, त्यामुळे आमच्यातले ज्यांना कार्गोचे काम येत होते ते टिकले. पुतण्याला धोकादायक माल हाताळण्याचे प्रशिक्षण लवकर घ्यायला सांगा.

छोट्या विमानतळांचे गणित निराळे असते; तेथे प्रवासी सेवाच बंद पडू शकते, पण प्रवाशांखेरीज दुसरे कामही येऊ शकते. जळगावची प्रवासी सेवा मध्यंतरी खंडित होऊन 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. 2021 मध्ये तेथे वैमानिक प्रशिक्षण संस्थांना जागा देण्यात आली होती.

वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे वेतन, असा कायद्याचा हिशेब आहे. माझी तीन वर्षे भरली होती, पण नियुक्तिपत्र कधी हातात आलेच नव्हते आणि ते मागायचेही सुचले नव्हते. पुतण्याच्या पत्रावर नाव कोणाचे आहे, मुख्य कंपनीचे की माणसे पुरवणाऱ्याचे, एवढे रुजू होण्याआधी पाहून घ्या.