अकरा महिन्यांचा करार विसरा: नेदरलँड्समधल्या भाड्याच्या घराविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे निघालेल्या वाचकांचे आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच घोटाळा दिसतो. पुण्या-मुंबईच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ची सवय घेऊन माणूस तिथं उतरतो आणि मालक म्हणेल ते भाडं, मालक म्हणेल तेव्हा घर खाली, असं धरून चालतो. तिथला कायदा असा नाही.

प्रश्न : जूनमध्ये पुण्याहून आइंडहोवनला नोकरीवर रुजू होतोय. फेसबुकवर दोन खोल्यांचा फ्लॅट सापडला, वीज-गॅससकट ९५० युरो. मालकीणबाई इंग्लंडमध्ये असतात. अनामत आणि पहिलं भाडं भरलं की किल्ली कुरिअरनं पाठवतील. विश्वासासाठी त्यांनी पासपोर्टची प्रतही पाठवली आहे. पैसे भरू का?

उत्तर : एक युरोही पाठवू नका. किल्ली कुरिअरनं पाठवणारा परदेशस्थ मालक ही तिथली सर्वांत जुनी लबाडी आहे. तो पासपोर्ट खरा असूही शकतो, पण बहुधा याच डावात आधी फसलेल्या कुणाचा तरी. म्हणून तुमच्याही पासपोर्टची कोरी प्रत कुणाला देऊ नका. डच सरकारचं ‘कोपी-आयडी’ नावाचं ॲप आहे. त्यातून क्रमांक झाका आणि प्रतीवर कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला दिली ते आडवं लिहा.

घर कुणाच्या नावावर आहे हे ‘काडास्टर’ या भूमी-नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर थोडे युरो भरून कळतं. घर बघायला कुणी ओळखीचं जाणार नसेल तर थेट व्हिडिओ कॉल मागा आणि मालकाला खिडकीतून रस्ता, मग खाली उतरून दारावरचा क्रमांक दाखवायला सांगा. आधी करारावर सही, मग पैसे, हा क्रम मोडू नका.

जाहिरातीत ‘नोंदणी होणार नाही’ असं असेल तर भाडं कितीही कमी असो, पुढे चला. चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला आल्यापासून पाच दिवसांत ‘खेमेन्टे’त, म्हणजे नगरपालिकेत, पत्त्यासकट नोंद करावी लागते. त्या नोंदीतून बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो आणि त्यावर बँक, आरोग्य विमा, डिजिडी (सरकारी कामांसाठीची ऑनलाइन ओळख) सगळं उभं राहतं. बीएसएन नसेल तर पगारातून ५२ टक्क्यांच्या ‘अनामिक’ दरानं कर कापला जाऊ शकतो. त्यामुळे कंपनीशी घासाघीस करायचीच असेल तर पगाराच्या शेवटच्या शंभर युरोंसाठी करण्यापेक्षा, नोंदणी होईल अशा तात्पुरत्या घरात पहिले दोन महिने मिळवण्यासाठी करा.

पारारिउस किंवा फुंडा या घरांच्या संकेतस्थळांवर जाहिरात दिसली की त्याच तासात उत्तर गेलं पाहिजे. कागद एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा: नोकरीचा करार, कंपनीचं ‘वेर्कखेव्हर्सफरक्लारिंग’ म्हणजे नोकरीचा दाखला, मिळाल्या असतील तर तीन पगारपत्रकं आणि आधीच्या घरमालकाचं पत्र. मालक सहसा भाड्याच्या तीन ते चार पट, कर कापण्याआधीचा मासिक पगार मागतात. १,४०० युरोंच्या घराला ४,२०० ते ५,६०० युरो धरा.

दलालीचंही लगेच सांगतो. मालकाच्या वतीनं काम करणारा एजंट भाडेकरूकडून दलाली घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ‘करार-खर्च’, ‘प्रशासकीय शुल्क’ अशी नावं बदलून ती मागितली जातेच. घर हातचं जाणार असेल तर आमचा सल्ला व्यवहारी आहे: बँकेतून भरा, पावती ठेवा आणि राहायला गेल्यावर लेखी परत मागा. पाच वर्षांपर्यंत मागता येते. फक्त तुमच्यासाठी घर शोधायला तुम्हीच नेमलेल्या एजंटाची फी मात्र रास्त आहे.

प्रश्न : द हेगमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून ५० चौरस मीटरचा फ्लॅट घेतला आहे, निव्वळ भाडं १,४५० युरो. करारासोबत गुणांचा एक तक्ता मिळाला, त्यात १८९ गुण आहेत. चार महिने झाले. सहकारी म्हणतात तपासून घे. सही तर केली आहे, आता काय तपासायचं?

उत्तर : सही केली म्हणून भाडं पक्कं झालं, हे तुमच्या बाबतीत खरं नाही. १ जुलै २०२४ पासून ‘वेट बेटाल्बारे ह्यूर’ हा परवडणाऱ्या भाड्याचा कायदा लागू आहे. घराला आकार आणि सोयींप्रमाणे गुण मिळतात आणि त्यांवरून कमाल भाडं ठरतं. त्याआधी गुणांची सक्ती मुख्यतः स्वस्त घरांपुरती होती. आता नव्या करारात १४३ गुणांपर्यंतचं घर खालच्या गटात, १४४ ते १८६ मधल्या गटात आणि १८७ पासून पुढे मोकळ्या बाजारात मोडतं. २०२५ च्या तक्त्यात १४३ गुणांना कमाल निव्वळ भाडं ९००.०७ युरो आहे आणि १८६ ला १,१८४.८२. १८७ वा गुण मिळाला की कमाल मर्यादाच उरत नाही. म्हणून १८७, १८८, १८९ असे आकडे दिसले की हाती टेप घ्यावी.

मोजायचं असं. खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर यांना दर चौरस मीटरला एक गुण. तळघरातल्या कोठीसारख्या जागेला पाऊण. घरातल्या बोळाला आणि जिन्याला शून्य; मालकाच्या तक्त्यात सर्वांत जास्त लबाडी इथंच होते. उतरत्या छपराखाली दीड मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग धरत नाहीत. स्वयंपाकाचा ओटा एक ते दोन मीटर असेल तर चार गुण, दोन मीटर किंवा जास्त असेल तर सात. म्हणजे १.९० मीटरचा ओटा ‘साधारण दोन’ लिहिला की तीन गुण फुकट. शॉवरला चार, बेसिनला एक, स्वतंत्र शौचालयाला तीन. खोली तापवण्याची सोय असेल तर दर खोलीला दोन.

यानंतर दोन मोठे आकडे येतात. एक ऊर्जा-श्रेणी. चांगल्या श्रेणीला भरपूर गुण आहेत, ई, एफ आणि जी ला मात्र उणे गुण. मालकानं लिहिलेली श्रेणी सरकारी नोंदीशी ताडून बघा. मुदत संपलेली जुनी श्रेणी सर्रास वापरली जाते. दुसरा आकडा ‘वोझ’, म्हणजे नगरपालिकेनं ठरवलेली घराची किंमत. ती पत्ता टाकून फुकट बघता येते. महागड्या शहरांत एकट्या वोझच्या जोरावर खुराडंसुद्धा मोकळ्या बाजारात जाऊ नये म्हणून १८७ च्या वर वोझचे गुण एकूण गुणांच्या ३३ टक्क्यांपर्यंतच धरतात.

समजा तुमच्या तक्त्यात चार चौरस मीटरचा बोळ खोल्यांत घुसवला आहे आणि ओट्याला सात दिले आहेत. सात गुण गेले, उरले १८२. म्हणजे घर मधल्या गटात आलं आणि भाडं महिन्याला किमान २६५ युरोंनी जास्त आहे.

आता तारीख महत्त्वाची. सुरुवातीचं भाडं तपासून घेण्याचा अर्ज करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत ‘ह्यूरकॉमिसी’कडे, म्हणजे भाड्याचे वाद सोडवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, जायला हवा. तुमच्याकडे दोन महिने आहेत. मालकाशी गोडीगुलाबीच्या ईमेलमध्ये ते घालवू नका. शुल्क २५ युरो, निकाल तुमच्या बाजूनं लागला तर तेही परत. तपासनीस येऊन स्वतः मोजतो. भाडं कमी झालं तर करार सुरू झाला त्या दिवसापासून कमी होतं आणि फरक परत मिळतो. निकाल मान्य नसेल तर आठ आठवड्यांत न्यायालयात जावं लागतं, नाहीतर तो दोघांना बांधील राहतो. असा अर्ज केला म्हणून मालक तुम्हाला काढू शकत नाही.

जुने करार असलेल्यांनी घाईनं आनंद मानू नये. जुलै २०२४ पूर्वी मोकळ्या बाजारात केलेला करार मधल्या गुणांचा निघाला तरी भाडं उतरत नाही. १४३ किंवा कमी गुण निघाले तर मात्र १ जुलै २०२५ पासून उतरायलाच हवं.

प्रश्न : उट्रेख्तमध्ये ‘काल’ घर मिळतंय. जुना भाडेकरू जमिनीवरच्या लॅमिनेटचे आणि पडद्यांचे २,५०० युरो मागतो. द्यायचे का?

उत्तर : डच भाषेत ‘काल’ म्हणजे टकलू. घरही तसंच असतं: खाली उघडं काँक्रीट, छतातून लोंबणाऱ्या तारा. ‘खेस्टॉफेर्ट’ घरात जमिनीवरचं आच्छादन आणि पडदे असतात, ‘खेम्युबिलेर्ट’मध्ये फर्निचरही. ‘ओव्हरनामे’, म्हणजे आधीच्याचं सामान विकत घेणं, ऐच्छिक आहे. त्या वस्तूंची आजची रास्त किंमत धरा. सहा वर्षं वापरलेल्या लॅमिनेटला नव्याचा भाव नसतो. अवाच्या सवा घेतलेली रक्कम कायद्यानं परत मागता येते.

पैशांपेक्षा दोन गोष्टी विचारा. वरच्या मजल्यांवर लॅमिनेटखाली आवाज निदान दहा डेसिबलनं कमी करणारा थर असावा, अशी बहुतेक सोसायट्यांची अट असते. थराची पावती मागा. नसेल तर खालच्याची तक्रार आली की ती जमीन तुम्हालाच उखडावी लागेल. आणि सोडताना घर पुन्हा ‘काल’ करून द्यायचं का, हे मालकाकडून आजच लेखी घ्या.

प्रश्न : ॲमस्टेलवेनच्या फ्लॅटमध्ये चिमणीला मोटर नाही. फोडणीचा वास दोन दिवस जात नाही. मोटरची चिमणी बसवू का? शिवाय बेडरूमच्या कोपऱ्यात बुरशी आली आहे. मालक म्हणतात, तुमच्या स्वयंपाकामुळे.

उत्तर : आधी छताजवळची पांढरी गोल झडप बघा. ती असेल तर इमारतीत मध्यवर्ती वायुवीजन आहे: एकच पंखा अनेक खोल्यांची, कधी अनेक घरांची हवा ओढतो. त्या नळीला मोटरची चिमणी जोडली तर तुमच्या हिंगाचा दरवळ तुमच्याच न्हाणीघरात नाहीतर शेजाऱ्याकडे ढकलला जातो. अशी जोडणी करूच नका. कोळशाची जाळी असलेली, हवा फिरवून परत सोडणारी चिमणी चालते. रोजच्या फोडण्यांना कोळसा काही महिन्यांतच थकतो आणि तो धुऊन चालत नाही, बदलावा लागतो. धातूची तेलजाळी मात्र महिन्याला गरम पाण्यात धुवा. स्वयंपाकानंतर अर्धा तास वायुवीजन सर्वांत वरच्या खटक्यावर ठेवा. थंडी वाजते म्हणून खिडकीवरची हवेची पट्टी चिकटपट्टीनं बंद करणं हे बुरशीचं हमखास आमंत्रण.

बुरशी कुणाची, हे कारणावर ठरतं. बाहेरच्या भिंतीचा थंड कोपरा, गळती ही घराची खोट आहे आणि मालकानं दुरुस्त करायची. स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकड्यांचे फोटो काढा. आकडे ४० ते ६० टक्क्यांत असूनही कोपरा ओला असेल तर ‘तुमचा स्वयंपाक’ हे उत्तर टिकत नाही. मग लेखी कळवा. भाडं गुणांच्या मर्यादेत येणारं असेल आणि सहा आठवड्यांत काही झालं नाही, तर ह्यूरकॉमिसी दुरुस्तीपर्यंत भाडं तात्पुरतं उतरवू शकते. स्वतःहून भाडं थांबवू नका. थकबाकी हे मालकाच्या हातात दिलेलं आयतं कोलीत आहे.

प्रश्न : घरमालक फ्लॅट विकतोय. ‘दोन महिन्यांत निघा’ म्हणतो. करार बेमुदत आहे.

उत्तर : निघायची गरज नाही. ‘कोप ब्रेक्ट खेन ह्यूर’, विक्रीनं भाडेकरार तुटत नाही. नवा मालक तुमच्यासकट घर घेतो. अशा विक्रीला ‘उइटपोंडन’ म्हणतात आणि सध्या तिचा जोर आहे. कर वाढले, भाड्याला गुणांची मर्यादा आली, तेव्हा अनेक छोट्या मालकांना रिकामा फ्लॅट विकणं सोयीचं वाटतं. रिकाम्या घराला भाव बराच जास्त मिळतो. तुमचं निघणं त्याच्यासाठी किती मोलाचं आहे ते यातून ओळखा. जायला तयार असाल तर रक्कम ठरवा, पण नवं घर हाती आल्याशिवाय कशावरही सही करू नका. ग्राहकांना घर दाखवू देणं तुम्हाला बंधनकारक आहे. दिवस-वेळ आधी ठरवून घ्या.

जुलै २०२४ पूर्वी कमाल दोन वर्षांच्या मुदतीचे करार करता येत. तसा करार असता तर मालकानं संपण्याआधी तीन ते एक महिन्याच्या दरम्यान लेखी आठवण द्यायला हवी होती. ती चुकली की तो करार बेमुदत होतो.

प्रश्न : ॲमस्टरडॅममध्ये आम्ही तीन मित्र मिळून घर मागतो. पगार उत्तम असूनही नकार येतो. का?

उत्तर : तिथं एका कुटुंबातले नसलेले तीन किंवा अधिक प्रौढ एकत्र राहायचे तर मालकाला नगरपालिकेचा परवाना लागतो. जाहिरातीत ‘वोनिंगडेलर्स’, म्हणजे घर वाटून राहणारे, नकोत असं असलं तर वेळ दवडू नका. दोघांसाठी शोधा, किंवा परवाना असलेलं घर. तिसऱ्याची नोंद न करता ठेवलं तर दंड मालकाला होतो आणि घर तुमचं जातं.

प्रश्न : घर सोडून महिना झाला, अनामत आली नाही. मालक ‘भिंतींना रंग’ म्हणून ८०० युरो कापणार म्हणतो.

उत्तर : करार १ जुलै २०२३ नंतरचा असेल तर अनामत दोन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. कापायचं काही नसेल तर ती १४ दिवसांत परत यायला हवी, असेल तर ३० दिवसांत, प्रत्येक रकमेच्या हिशेबासह. वापरानं फिका पडलेला रंग ही नुकसानी नाही. खिळ्यांची न बुजवलेली भोकं असू शकतात. आता शोधा की राहायला येताना घराच्या स्थितीचं लेखी वर्णन झालं होतं का. झालं नसेल तर कायदा असं धरतो की घर आज जसं आहे तसंच तुम्हाला मिळालं होतं, आणि उलट सिद्ध करणं मालकाच्या माथी येतं. नोंदणीकृत पत्रानं १४ दिवसांची मुदत द्या, ही दोन्ही कारणं लिहा, बँक खात्याचा क्रमांक पुन्हा द्या. एक प्रत नगरपालिकेच्या घरमालकांविरुद्धच्या तक्रार कक्षाला पाठवा. उत्पन्न कमी असेल तर ‘युरिडिस लोकेट’ या कायदेशीर मदत केंद्रात विनामूल्य सल्ला मिळतो.