बोन्सायसाठी झाड कुठून आणावे?

प्रश्न : मी काही वर्षांपासून बोन्साय करतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फिरायला जाताना वाऱ्याने आणि चराईने खुजी राहिलेली करवंदीची व बोरीची जुनी झुडपे नेहमी दिसतात. उन्हाळ्यातल्या वणव्यांत ती होरपळतातच. त्यांपैकी एखादे मुळासकट काढून आणले, तर ते वाचेल आणि मलाही उत्तम बुंधा मिळेल, असे वाटते. यात कायद्याची काही अडचण आहे का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अडचण आहे, आणि ती गंभीर आहे. वेताळ टेकडीवरील भांबुर्डा वनविहाराचा भाग वन विभागाच्या ताब्यात आहे. उरलेली जमीन कुठे महापालिकेची, कुठे संस्थांची, तर कुठे खासगी आहे. कुंपण दिसत नाही म्हणून टेकडी बेवारस ठरत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातून आणलेले झाड, वेल, गवत, शेवाळ, इतकेच काय, वरच्या थरातील माती आणि दगडसुद्धा वनोपज मानले जातात. राखीव वनात झाड तोडणे, त्याची साल काढणे किंवा त्याला अन्य प्रकारे इजा करणे हा याच अधिनियमाच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. कुंडीत पसरण्यासाठी सिंहगडाच्या वाटेवरचे शेवाळ खरवडून आणणाऱ्या हौशी मंडळींना हे सहसा ठाऊक नसते. भीमाशंकरसारख्या अभयारण्यात तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो आणि तेथील नियम याहून कडक आहेत.

कायदा बाजूला ठेवला, तरी ‘ते झाड वाचेल’ हे आपले गृहीतक मला मान्य नाही. वणव्यात करवंदीचा वरचा भाग जळतो, परंतु पहिल्या पावसानंतर तिच्या बुडख्यातून पुन्हा धुमारे फुटतात. जळणे, शेळ्यांनी खुडणे आणि पुन्हा फुटणे यांतूनच आपल्याला मोहवणारा तो जाड, गाठाळ बुंधा घडलेला असतो. तिची मुळे कातळाच्या भेगांत दूरवर गेलेली असतात. खणताना ती तुटतात आणि बुंध्याजवळ पाणी शोषणारी तंतुमुळे जवळजवळ उरत नाहीत. म्हणून टेकडीवर अनेक वणवे सोसलेले झुडूप कुंडीत पहिल्याच हंगामात वाळण्याचा धोका मोठा असतो. शिवाय त्याच काटेरी जाळीच्या आडोशाला इतर झाडांची रोपे चराईपासून वाचून वाढतात आणि तिच्या फळांवर बुलबुल जगतात. एक झुडूप गेले की त्याच्याभोवतीची ही सारी व्यवस्था उघडी पडते, आणि ते झुडूप आपल्या कुंडीत जगले म्हणून ती भरून येत नाही.

माझ्या मते अशा वेळी एकच प्रश्न आधी विचारावा : मी हात लावला नाही, तर हे झाड तिथे जगणार आहे का? जगणार असेल, तर ते तिथेच राहू द्यावे. जिथे जगणार नाही, अशा जागा पुण्यात भरपूर आहेत.

पेठांतील जुने वाडे पाहा. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी विटांच्या सांध्यात रुजते आणि तिथे पिंपळ, वड किंवा उंबर उगवतो. भिंत फुटू नये म्हणून मालक तो कधी ना कधी काढणारच असतो. अशा पिंपळाची मुळे चुन्याच्या सांध्यातून चपटी, जाळीदार पसरलेली असतात. बुंध्याचा तळ विटेवर दबून रुंद झालेला असतो आणि तिथे लहानशा झाडालाही वयस्कर रूप आलेले असते. ते उपटू नये. छिन्नीने सांध्यातला चुना हळूहळू मोकळा करावा, जमतील तितकी बारीक मुळे राखावीत, पाने काढून टाकावीत आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ते त्याच दिवशी घरी न्यावे. जून-जुलैचा दमट काळ यासाठी उत्तम. मुळांना चिकटलेला चुना धुऊन, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे यांच्या मिश्रणात झाड लावावे. वर्षभर त्याला आकार देण्यासाठी तार बांधू नये आणि नव्या फांद्या मनसोक्त वाढू द्याव्यात.

पुनर्विकासासाठी पाडल्या जाणाऱ्या बंगल्यांच्या आवारातील जुनी बोगनवेल हा दुसरा उत्तम स्रोत. तिचा बुंधा जाड असतो आणि मुळे छाटलेली तिला चांगली सोसतात. मात्र दोन्ही ठिकाणी मालकाची लेखी संमती घ्यावी. वाड्याला अनेक वारस असतील, तर एका भाडेकरूच्या होकारावर विसंबू नये. महापालिका हद्दीत झाडे तोडण्याला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. मुळासकट काढणे हेही त्यातच धरून चालावे आणि उद्यान विभागाकडे आधी अर्ज करावा. चंदनाच्या वाटेला तर कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये.

करवंदच हवे असेल, तर शेताच्या बांधावरून मालकाच्या परवानगीने पिकलेली फळे आणून बी पेरावे. वेळ लागेल, पण त्या झाडाची मुळे पहिल्या दिवसापासून आपल्या हातात असतील. वड-पिंपळाच्या बाबतीत मूळ झाड जागीच ठेवून जाड फांदीवर गुटी बांधता येते, म्हणजे फांदीला झाडावरच मुळे फोडून मग ती वेगळी करता येते.

प्रश्न : घाणेरी आणि उंदीरमारी ही बाहेरून आलेली झाडे आहेत. ती टेकडीवरून काढली, तर उलट उपकारच होतील ना? – एक वाचक, पाषाण

उत्तर : हेतू चांगला आहे, पण वनजमिनीवर त्यांनाही परवानगीशिवाय हात लावू नये. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विचारावे. घाणेरी काढण्याचे काम चालू असेल, तर निघालेली खोडे मागता येतील. घरी आणल्यावर तिची फळे धरू देऊ नयेत, कारण पक्षी तिचे बी पुन्हा टेकडीवर नेतात.

प्रश्न : ‘जंगलातले जुने झाड’ म्हणून विकले जाणारे रोप घ्यावे का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : झाड कोणत्या जागेतून आणले, कोणाच्या परवानगीने काढले आणि वाहतुकीचा परवाना लागत असल्यास तो आहे का, हे विक्रेत्याला विचारावे आणि रीतसर बिल मागावे. जपानमध्ये डोंगरातील शिंपाकू ज्युनिपर हे बोन्सायसाठी आवडते सदाहरित झाड संग्राहकांनी इतके ओरबाडले की ते रानात दुर्मीळ झाले. आपल्याकडे अंजनीसारख्या अतिशय सावकाश वाढणाऱ्या झाडांबाबत मला हीच भीती वाटते. विक्रेता उत्तर टाळत असेल, तर ते झाड घेऊ नये आणि सोलापूर रस्त्यावरील रोपवाटिकांत वाढवलेला नांद्रुक, म्हणजे वडाच्याच जातकुळीतले झाड, आणावा.