"मॅडम, सायन्स सोडू का?" : इंग्लिश ऐकू येतं पण कळत नाही म्हणणाऱ्या अकरावीच्या मुलीची गोष्ट

सप्टेंबरमध्ये पहिल्या युनिट टेस्टचे पेपर वाटून झाले की माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. मी सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात आठवड्यातून तीन दिवस समुपदेशनाला बसते. दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियम, चांगले मार्क, गावात पेढे वाटलेले, म्हणून सायन्सला अॅडमिशन, आणि मग दोन महिन्यांत पोरगं गप्प होतं. घरी विचारलं तर म्हणतं डोकं दुखतंय.

तर ही मुलगी वडिलांना घेऊनच आली होती. नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. वडिलांचा दुधाचा धंदा, चार म्हशी. ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, हिला दहावीला एक्क्याऐंशी टक्के होते हो. आता म्हणती काय कळतच नाही. आर्ट्सला टाकू का? अजून साइड बदलून देतील म्हणतायत ऑफिसात." मुलगी खाली बघून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी म्हटलं, दादा, दोन मिनिटं तिच्याशी बोलू द्या. तिला विचारलं, नक्की काय होतं गं वर्गात? तर म्हणाली, "मॅडम, सर बोलतात ते ऐकू येतं. पण सगळा एकच आवाज येतो. शब्द सुटे होतच नाहीत. मी एक शब्द पकडते, त्याचा अर्थ आठवते, तोवर सर तीन वाक्यं पुढे."

हे इतकं नेमकं वर्णन आहे की मी ते तसंच वहीत लिहून घेतलं.

इथे एक गोष्ट आधीच सांगते कारण ती राहून जाते. "ऐकू येतं पण कळत नाही" असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा कान आणि डोळे तपासून घ्यायला सांगते. मागे एका मुलाच्या बाबतीत आम्ही सगळे महिनाभर इंग्लिशच्या मागे लागलो होतो आणि त्याला एका कानाने कमी ऐकू येत होतं, पहिल्या बाकावर बसवल्यावर निम्मा प्रश्न सुटला. हिचे कान तपासले, व्यवस्थित होते.

मग मी तिची इंग्लिशची युवकभारती मागितली. उघडून बघते तर प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने मराठी अर्थ. एकेका शब्दावर. "बट" वर सुद्धा "पण" लिहिलेलं. आडव्या छापील ओळी आणि त्यांच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीची दुसरी ओळ, पान अगदी करडं झालेलं. रोज रात्री अकरापर्यंत बसून हे करायची म्हणे. मी एक परिच्छेद तिला वाचायला सांगितला, तिने वाचला, मग पुस्तक मिटलं आणि विचारलं यात काय घडलं? तिला एक वाक्यसुद्धा सांगता आलं नाही. रडायलाच लागली. मला खरंच वाईट वाटलं, कारण इतकी मेहनत करणारी पोर "मी ढ आहे" या निष्कर्षाला आली होती आणि मेहनत चुकीच्या जागी चाललीय हे तिला एकानेही सांगितलं नव्हतं.

मी विषय बदलला. म्हटलं, न्यूटनचा दुसरा नियम येतो का? डोळे पुसता पुसता घडाघडा म्हणाली, "संवेग परिवर्तनाचा दर प्रयुक्त बलाशी समानुपाती असतो आणि संवेगाचे परिवर्तन बलाच्या दिशेने होते." मग मी फिजिक्सच्या सरांसारखं, त्यांच्या स्पीडने म्हटलं, "द रेट ऑफ चेंज ऑफ मोमेंटम इज प्रपोर्शनल टू द अप्लाइड फोर्स." ती माझ्याकडे बघत राहिली. परत म्हटलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "रेट म्हणजे किंमत ना?" मी म्हटलं, इथे रेट म्हणजे दर, आत्ता तूच म्हणालीस ना. तर एकदम तिच्या लक्षात आलं. "म्हणजे हे तेच आहे?"

हो, तेच आहे. वडिलांनी तेवढं ऐकलं आणि पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले.

आता मराठी मीडियमच्या मुलांचं हे असं का होतं ते सांगते. आपली मराठी बरीचशी लिहिल्यासारखीच बोलली जाते आणि प्रत्येक अक्षराला थोडाफार सारखा वेळ मिळतो. इंग्लिश तशी नाही, तिथे महत्त्वाच्या शब्दावर जोर आणि बाकीचे "ऑफ", "टू", "अँड", "द" अर्धे गिळलेले, वर एका शब्दाचं शेवटचं टोक पुढच्या शब्दाला चिकटतं. "अॅन अॅपल" चं "अनॅपल" होतं, "वॉन्ट टू" चं "वॉन्टू". आपण शाळेत हे शब्द डोळ्यांनी शिकलो, स्पेलिंग पाठ केलं, पण कानाला त्यांची ओळख झालेलीच नसते. दुसरं म्हणजे आपलं क्रियापद शेवटी. "मी आंबा खाल्ला." इंग्लिशमध्ये खाल्ला आधी, आंबा मागून. जो मनात शब्दाला शब्द लावून मराठी करत बसतो त्याला प्रत्येक वाक्य उलटं फिरवावं लागतं, आणि बोलणारा तेवढा वेळ थांबत नाही. वाचताना निदान मागे जाता येतं, ऐकताना तीही सोय नाही.

त्यात आपल्याकडे ऐकण्याचा सराव म्हणून वेगळा तास बहुतेक ठिकाणी होतच नाही. बारावीच्या इंग्लिशला ८० मार्कांची लेखी आणि बाकीचे २० तोंडीचे, म्हणून शाळा-कॉलेजचा, क्लासवाल्यांचा सगळा जोर लेखीवर. मला हे चुकीचं वाटतं आणि मी स्टाफ मीटिंगमध्येही ते बोललेय. सायन्सच्या मुलांना रोज पाच-सहा तास इंग्लिश ऐकायचंय, मार्क असोत नसोत.

आम्ही काय केलं ते आता सांगते.

पेन्सिल बंद. हे तिला सगळ्यात जड गेलं. मी म्हटलं, अकरावीचं पुस्तक सरावाला घेऊच नकोस, ते अभ्यासाला ठेव. सरावाला सोपं हवं. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे भाषा अभ्यासक आहेत, त्यांच्या मांडणीप्रमाणे मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. तिच्या पानावर ओळीला चार होते, मग डोकं अर्थ लावणार कशाने? तो सगळा वेळ शब्द उचलण्यातच जाणार.

मग सोपं काय? बालभारतीच्या साइटवर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि इंग्लिश दोन्ही माध्यमांचं आहे, धडे तेच, आकृत्या त्याच. मी तिला भाग १ मधला पहिलाच धडा दिला, गुरुत्वाकर्षण. तो तिला मराठीत तोंडपाठ होता, केप्लरचे नियम आकृतीसकट. आता तोच इंग्लिशमधून वाच, डिक्शनरीला हात लावायचा नाही, प्रत्येक परिच्छेद संपला की पुस्तकातून मान वर काढून एका वाक्यात मराठीत सांग काय म्हटलंय. "एस्केप व्हेलॉसिटी" आली तेव्हा थांबली, पुढची दोन वाक्यं वाचली आणि म्हणाली, "मुक्तिवेग! ११.२ किलोमीटर पर सेकंद!" मी काहीच सांगितलं नव्हतं. वाचलेलं समजणं याला म्हणतात, माहीत असलेल्याच्या आधाराने नवीन शब्दाचा अर्थ आपणच काढणं.

ज्यांची मुलं आर्ट्स-कॉमर्सला आहेत त्यांना सांगते, प्रथम बुक्स या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर नावाची गोष्टींची वेबसाइट आहे, तिच्यावर एकच गोष्ट बऱ्याचदा मराठीत आणि इंग्लिशमध्ये दोन्ही मिळते, लेव्हल लिहिलेली असते. लहान मुलांच्या गोष्टी आहेत म्हणून सतरा वर्षांच्या मुलांना लाज वाटते, पण पंधरा दिवस लाज बाजूला ठेवली तर वाचनाचा वेग बदलतो हे मी बघितलंय.

ऐकण्यासाठी मी फिजिक्सच्या सरांना भेटले. त्यांना वाटायचं मुलांना कळतंय, कारण वर्गात तोंड उघडून कोणी नाही म्हणत नाही. त्यांनी रोजच्या तासातली पाच मिनिटं रेकॉर्ड करायला परवानगी दिली, आणि आपण होऊन म्हणाले की नवीन शब्द फळ्यावर लिहूनच बोलेन. पण मुलीकडे फोन नाही, घरात एकच, वडिलांचा. मी दादांना विचारलं, दिवसाला वीस मिनिटं फोन मिळेल का? ते म्हणाले, "संध्याकाळी मी धार काढतो तेवढा वेळ तिचाच." मग रोज गोठ्याच्या खिडकीत फोन ठेवून ही बाहेरच्या दगडावर वही घेऊन बसायची.

पद्धत साधी होती. एका वेळी फक्त एक मिनिटाचा तुकडा. पहिल्यांदा दोनदा नुसतं ऐकायचं, काही लिहायचं नाही, विषय काय एवढंच पकडायचं. मग थांबवत थांबवत जेवढं ऐकू येईल तेवढं लिहायचं, जिथे नाही कळलं तिथे रेघ. दुसऱ्या दिवशी त्या रेघा पुस्तकातून किंवा मैत्रिणीकडून भरायच्या. मग सरांच्या पाठोपाठ, त्यांच्याच चालीत, मोठ्याने बोलायचं. तिसऱ्या दिवशी परत न थांबता ऐकायचं. एक मिनिट, तीन दिवस. मुलांना हे फार कमी वाटतं, त्यांना रोज तासभर इंग्लिश न्यूज लावायचा सल्ला मिळालेला असतो, पण जे कळतच नाही ते तासभर ऐकून कान तयार होत नाही, फक्त कंटाळा येतो.

त्या रेघांमधून जे निघालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. न कळलेल्या शब्दांतले कितीतरी तिला येत होते! सर "डिटर्मिन" म्हणायचे, तिच्या डोक्यात तो शब्द "डिटरमाइन" म्हणून बसलेला. सर "सर्फिस" म्हणायचे, ती "सरफेस" ची वाट बघत होती. "मेझर द लेंग्थ" तिला "मेजर" ऐकू यायचं, म्हणजे मिलिटरीतला. म्हणून आम्ही एक वही केली, पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे डोळ्याचा शब्द, उजवीकडे कानाचा शब्द, देवनागरीतच. शंका आली की फोनवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं बटण दाबून उच्चार ऐकायचा. एसटी स्टँडवर ती आणि तिची मैत्रीण वही घेऊन बसायच्या, एकीने उजवीकडचं म्हणायचं, दुसरीने अर्थ सांगायचा.

इंग्लिशच्या पेपरात न पाहिलेला उतारा येतो त्याचीही भीती होती. एकदा तिने "ही हार्डली स्लेप्ट" चं उत्तर लिहिलं की तो खूप झोपला. हार्ड म्हणजे जोरात, म्हणून. अर्थ अगदी उलटा झाला, तो जवळपास झोपलाच नव्हता. तेव्हापासून उताऱ्यात दोनच गोष्टींना गोल करायचा असं ठरवलं. वाक्य फिरवणारे शब्द, म्हणजे हार्डली, अनलेस, ऑलदो, हाउएव्हर असले. आणि "इट", "दे", "दिस" म्हणजे कोण, त्याचा बाण मागच्या नावाकडे. बाकी उतारा कोरा. आधी पूर्ण वाचायचा, मग प्रश्न.

सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीच्या सुट्टीत सराव बंद पडला, केमिस्ट्रीच्या मॅडमचा स्पीड आणि उच्चार वेगळे, तिथे परत पहिल्यापासून. परदेशी माणसाचं बोलणं तिला अजूनही फारसं कळत नाही आणि मी तिला सांगितलंय की आत्ता त्याची गरज नाही, आधी आपल्या सरांचं कळू दे.

वडिलांनी मधे परत विचारलं होतं, आर्ट्सचं काय करायचं. मी त्यांना म्हटलं होतं, दादा, तिला विषय नको असता तर मीच बदला म्हटलं असतं, इतिहास-भूगोल आवडीने घेणारी मुलं मी आनंदाने पाठवते. पण हिला फिजिक्स आवडतं. भाषेला घाबरून सायन्स सोडायचं तर आर्ट्सलाही इंग्लिशचा पेपर हाच आहे. त्यांनी "नीट"चं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं विचारलं, त्यांना माहीतच नव्हतं की तो पेपर १३ भाषांत असतो आणि त्यात मराठी आहे. अर्थात तयारीची बरीचशी पुस्तकं, लेक्चर इंग्लिशमध्येच, त्यामुळे कान आणि डोळे तयार करण्याला पर्याय नाही हेही स्पष्ट सांगितलं.

फेब्रुवारीत ती कानाची वही दाखवायला आली. सुरुवातीची पानं गच्च भरलेली, एकेका दिवसाला बारा-पंधरा शब्द. मग आठ, मग पाच. शेवटच्या आठवड्याच्या पानावर तारीख टाकलेली आणि खाली फक्त दोन शब्द. मी विचारलं, सराव कमी केलास का? तर म्हणाली, "नाही मॅडम, रोज ऐकते. पण रेघच पडत नाही आता जास्त." मग घड्याळाकडे बघून उठली, चारची एसटी होती.